नसलेल्या कंपनीचा लोगो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बाई, जी कंपनीच नाही तिचा लोगो कशाला काढता?" शाळेतल्या मुलांपासून फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्या दादांपर्यंत सगळे हे विचारतात. दाभोळहून खाडीपलीकडच्या धोपाव्याला शाळेत जाताना माझी वही उघडी असते, त्यात लाँच, मालवाहू होड्या, आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो, असल्या न सुरू झालेल्या सेवांची चिन्हं असतात.

त्यातली सगळ्यात जिवाभावाची दाभोळ–गोवळकोट लाँच. पूर्वी मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि पुढे वाशिष्ठीच्या खाडीतून लाँचने चिपळूणच्या गोवळकोटला जाता यायचं. ती वाट मला पुन्हा हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. माझ्या हातात पेन्सिल आहे, म्हणून मी पेन्सिलीपासून सुरुवात केली.

वाशिष्ठीचा व घेतला. दांडा म्हणजे डोलकाठी, डावीकडचा गोल म्हणजे वाऱ्याने भरलेलं शीड, शिरोरेघ वर आडवी. मला फार आवडला. धक्क्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलकाकांना दाखवला. त्यांनी वही हातात घेतली, बोट कशी उभी राहील ते हातानेच धरून बघितलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाला बरोबर हाय. उजव्या अंगाला शीड मागं भरलंय. बोट मागं जाईल की!"

खरंच होतं. डाव्या बाजूने बघितलं तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपल्या डावीकडे येते, व-चा गोलही तिकडेच. उजव्या बाजूने नाळ उजवीकडे, गोल मात्र डावीकडेच. अक्षर उलटं करावं तर ते अक्षरच राहत नाही.

ब्रिटिश रेल्वेलाही ही अडचण आली होती. १९६५ साली त्यांनी जेरी बार्नी यांनी काढलेलं चिन्ह घेतलं. रुळांच्या दोन आडव्या रेघा आणि दोन दिशांचे दोन बाण. ते आगगाडीवर छान बसतं. पण त्यांची जहाजंही होती, आणि त्यांच्या धुरांड्यावर डाव्या बाजूला हे चिन्ह आरशात बघितल्यासारखं उलटं रंगवलं जायचं, म्हणजे वरचा बाण दोन्हीकडून नाळेकडेच. बाण उलटवता येतो. व नाही उलटवता येत.

मग तीन आठवडे मी दुसरं काही काढलं नाही. लाँच भरतीबरोबर गोवळकोटकडे वर चढेल आणि ओहोटीबरोबर दाभोळकडे खाली उतरेल, हे त्याच दिवसांत नीट डोक्यात शिरलं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा सुटायची वेळ फलकावर कायमची रंगवून चालणार नाही. म्हणून लोगोखाली खडूने लिहायला काळी पट्टी सोडली. लोगो काढायला बसले नसते तर वेळापत्रकाचा एवढा विचार मी केला असता का? नाही. म्हणून काढते. चिन्ह काढायचं तर आधी ती लाँच मनात चालवावी लागते, धक्क्यावरच्या चिखलापासून परतीच्या ओहोटीपर्यंत.

आणि एका संध्याकाळी दोन्ही गावांची नावं एकाखाली एक लिहिताना दिसलं. दाभोळ. गोवळकोट. दोन्हीत ळ. पुढे चिपळूणमध्येही ळ! शिरोरेघेला टांगलेले दोन गोल, एक जायचा, एक यायचा. थोडा सावरला की दोन्ही अंगांनी जवळपास सारखाच दिसतो. काकांना दाखवला. त्यांनी वही दोन्ही बाजूंनी फिरवून बघितली आणि काही न बोलता परत दिली. चूक असती तर ते बोलले असते.

रंग अजून ठरलेला नाही. लाल मनात होता, पण पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी तांबडं होतं, त्यावर लाल उठणार नाही. सध्या पिवळा लावून बघते आहे.