दगडावरची डागडुजी

वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे स्मारकांमधल्या लांबलचक हिरवळीवर, पाहुण्यांना फिरवायला निघताना मी आधी त्यांच्या पायांतले बूट बघतो. कॅपिटॉलपासून, म्हणजे अमेरिकी संसदेपासून, लिंकन स्मारकापर्यंत सुमारे तीन किलोमीटर आहेत. समोर दिसतंय म्हणून जवळ वाटतं, आणि अर्ध्या वाटेवर सगळे बाक शोधू लागतात.

स्मारकं भव्य आहेतच. मला मात्र त्यांच्यावरची डागडुजी बघायला आवडते. वॉशिंग्टन स्मारकाचा ५५५ फुटी सुळका घ्या. साधारण दीडशे फुटांवर त्याचा रंग बदलतो. १८५४ मध्ये पैसे संपले, मग यादवी युद्ध आलं, आणि १८७९ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा तसाच संगमरवर मिळेना. मागाहून मजला चढवलेलं घर कसं लगेच ओळखू येतं, तसंच हे! लिंकन स्मारकात उत्तरेकडच्या भिंतीवर त्याचं भाषण कोरलंय, त्यात ‘फ्यूचर’मधल्या एफचा ई झालाय. जादा रेघ बुजवली, तरी दिसते. पाहुणे पुतळ्याचे फोटो काढतात, मी त्यांना रेघ शोधायला लावतो.

दगडात कोरलं म्हणजे कायमचं ठरलं, यावरचा माझा विश्वास इथेच उडाला. व्हिएतनाम स्मारकाची काळी भिंत १९८२ ची, रचना माया लिनची. स्पर्धा जिंकली तेव्हा ती २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. ग्रॅनाइट आपल्या शेजारच्या कर्नाटकातला. तिच्यावर त्या युद्धातल्या अमेरिकी सैनिकांची ५८ हजारांवर नावं, वर्णक्रमाने नव्हे, तर बळी पडल्याच्या क्रमाने. नावापुढे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मृत्यू, क्रॉस असेल तर बेपत्ता. अवशेषांची ओळख पटली की त्याच क्रॉसवर चौकट कोरतात. जिवंत परतला तर भोवती वर्तुळ काढायचं, अशी सोयही ठेवली होती.

टायडल बेसिन या तळ्याकाठी, पोलिओमुळे चाकांची खुर्ची वापरणाऱ्या राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचं स्मारक १९९७ मध्ये उघडलं, तेव्हा पुतळ्याच्या लांब झग्याने खुर्ची जवळपास झाकून टाकली होती. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून २००१ मध्ये चाकांच्या खुर्चीतला दुसरा पुतळा प्रवेशापाशीच बसवला. चौथरा नाही, त्यामुळे मुलं बिनधास्त खेटून उभी राहतात. अख्ख्या स्मारकात मला हाच रूझवेल्ट पटतो.

खुद्द त्याला स्मारक म्हणून आपल्या टेबलाएवढा एक दगड पुरे वाटत होता. तोही आहे, १९६५ पासून, नॅशनल आर्काइव्हज या सरकारी दप्तरखान्यापाशी. पण पाहुण्यांना मी तिकडे नेत नाही. ‘एवढ्यासाठी चालवलंस होय रे?’ असं कोण ऐकून घेणार!