हंगामावरून वय सांगणारं गाव

आमच्या आजीने कधी सन सांगितला नाही. थोरले काका "कोयनेच्या भूकंपाआधी दोन महिने" झालेले, धाकटी आत्या "बहात्तरच्या दुष्काळातली". शाळेच्या दाखल्यावर काहीतरी तारीख घातली होती, पण घरात चालायचा तो भूकंप आणि दुष्काळ. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तिझी ऊझू नावाच्या गावातला एक म्हातारा. अल्जीरियाच्या डोंगराळ भागातलं हे गाव. तिथल्या एका कॉफीच्या दुकानात त्याने मला माझं जन्मसाल विचारलं. मी १९८६ म्हणालो. त्याने टेबलावर थाप मारली, "दुब्ले!"

म्हणजे दुहेरी. त्या वर्षी त्यांच्या फुटबॉल क्लबने लीगही जिंकली होती आणि चषकही. माझ्या जन्माचा असा सन्मान आमच्या घरातसुद्धा कुणी केला नव्हता.

मी कामासाठी तीन आठवडे अल्जीअर्सला होतो. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत शहर झोपलेलं, म्हणून फिरायला हातात राहतो तो शनिवार. ऑफिसातल्या मित्राने समुद्रकिनारा, रोमन अवशेष अशी यादी करून दिली. मी म्हणालो, तिझी ऊझूला जायचंय. तो हिरमुसला. तो अल्जीअर्सच्या मौलूदिया क्लबचा, १९२१ साली निघालेल्या जुन्या क्लबचा माणूस. त्याच्या दृष्टीने मी पाटाकडीलवाल्याला घेऊन दिलबहारच्या गल्लीत निघालो होतो. कोल्हापूरच्या वाचकांना याहून जास्त सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं की आमच्याकडे फुटबॉल पेठेवर आणि तालमीवर चालतो, आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्यानंतर मित्र मित्राशी दोन दिवस बोलत नाही.

जाण्याआधी वहीत एक तक्ता करून घेतला होता. क्लबचं नाव ज्योनेस स्पोर्तिव्ह द काबिली, म्हणजे जेएसके; काबिली हे त्या प्रदेशाचं नाव. फ्रेंच वळणाने ते 'झी-एस-का' म्हणतात. पिवळा-हिरवा रंग, टोपणनाव कॅनरी पक्षी. एका रकान्यात हंगाम, पुढे लीग, पुढे चषक, पुढे आफ्रिका. चौदा वेळा लीगचं अजिंक्यपद. अल्जीरियात दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे इतकी नाहीत. १९६९ साली पहिल्या श्रेणीत चढले ते आजतागायत खाली उतरलेले नाहीत. मौलूदियासुद्धा २००२ मध्ये एकदा खाली गेली होती. हे वाक्य मी गाडीत मित्राला वाचून दाखवलं आणि पुढची वीस मिनिटं तो खिडकीबाहेर बघत बसला.

गाडी आगा स्टेशनवरून सुटते. शंभरेक किलोमीटरचं अंतर, विजेवरची स्वच्छ लोकल. थेनियाला फाटा फुटतो, मग बोर्ज मेनाएल, तादमाइत, द्रा बेन खेद्दा. स्टेशनवर येण्याआधी रस्त्यावर गारंतिता खाल्ली होती: हरभऱ्याच्या पिठाची, ओव्हनमधून काढलेली मऊ थापी, वर जिरं आणि तिखट हरिसा, आणि ती पावात कोंबलेली. पिठल्याची वडी करताना पाणी जास्त झालं तर जे होईल ते. अप्रतिम लागतं. थेनिया मागे पडल्यावर उतारांवर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं दिसायला लागली. तिझी म्हणजे खिंड आणि ऊझू म्हणजे हे झुडूप. गावाचं नावच 'पिवळ्या काट्यांची खिंड'. क्लबच्या जर्सीतला पिवळा याच फुलांचा का, असं मी नंतर म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आता तसंच आहे म्हणायचं.

काबिल लोक म्हणजे इथले अमाझिघ, उत्तर आफ्रिकेतले मूळचे रहिवासी. मी आधी 'बर्बर' म्हणालो, तर डब्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने शांतपणे दुरुस्ती केली. बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव ते, आमचं आम्ही ठेवलेलं वेगळं आहे. 'काबिल' हाही मूळचा अरबीच शब्द, टोळी या अर्थाच्या 'कबिला'वरून आलेला. आपण 'कुटुंबकबिल्यासह या' म्हणतो ना, तोच हा कबिला.

गावात उतरलं की पाट्यांवर तीन लिप्या दिसतात: अरबी, रोमन आणि त्यांची स्वतःची तिफिनाघ. तिच्यातलं एक अक्षर सगळीकडे रंगवलेलं असतं, हात-पाय पसरून उभ्या असलेल्या माणसासारखं. दुकानदार 'अझुल' म्हणून स्वागत करतात. भारतातून आलोय म्हटल्यावर सत्तरच्या दशकातल्या एका हिंदी सिनेमाचं गाणं गुणगुणून दाखवतात. इतक्या लांब, इतक्या चुकीच्या उच्चारांत आणि इतक्या सुरात.

कॉफीच्या दुकानाचं नाव देत नाही. भिंतभर संघांचे फोटो होते आणि मालक सत्तरीतला. सगळे त्याला 'दा' म्हणत. काबिल भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात. मला 'दादा' म्हणायची सवय, त्यामुळे जीभ अडखळली नाही. तो फ्रेंचमध्ये बोलायचा, मित्र नाइलाजाने मला इंग्रजीत सांगायचा, आणि जिथे मौलूदियाचा अपमान असेल तिथे भाषांतर आखूड व्हायचं.

माझा तक्ता दाने चष्मा लावून वाचला. चूक काढली नाही, पण म्हणाला, यात नावं कुठायत?

मला कळेना. मग त्याने सांगायला घेतलं आणि माझ्या तक्त्याचा बराचसा भाग मला तेव्हा समजला. क्लब २ ऑगस्ट १९४६ चा, फ्रेंच राज्यातला. १९७३ ला पहिलं अजिंक्यपद, १९७४ ला लगेच दुसरं. पण त्याच १९७४ मध्ये नावातला 'काबिली' सरकारला खुपला. प्रदेशाचं नाव, त्यात वेगळी भाषा बोलणारा प्रदेश. तेव्हा क्लबवाल्यांनी एक अरबी नाव शोधलं, जमियत सरी कौकबी. आद्याक्षरं तीच, जे, एस आणि के. दा हसून हसून खोकायला लागला. कागदावर सरकारचं नाव आणि गॅलरीत आमचं. शिवाय फ्रेंचमध्ये त्याच अक्षरांचा अजून एक अर्थ निघतो: 'ज स्युई काबिल', मी काबिल आहे. हा आजही भिंतींवर लिहिलेला असतो.

१९७७ च्या जूनमध्ये चषकाचा अंतिम सामना अल्जीअर्सच्या पाच जुलै स्टेडियमवर झाला. समोर अल्जीअर्सच्याच हुसेन दे भागातला संघ, निकाल २-१, चषक जेएसकेचा. पण त्या दिवसाची आठवण गोलांवरून निघत नाही. राष्ट्राध्यक्ष बूमेदियन मैदानात हजर होते आणि हजारो काबिल प्रेक्षकांनी त्यांच्यासमोर शिट्ट्या वाजवल्या, आपल्या भाषेत घोषणा दिल्या. सभा-मोर्चे शक्य नसलेल्या काळात एवढी माणसं एकत्र जमायची परवानगी फक्त फुटबॉलला होती. दा त्या गर्दीत होता. त्याच्या सांगण्यानुसार घसा चार दिवस बसला होता.

त्याच वर्षी देशभर क्रीडा सुधारणा आली आणि क्लब सरकारी कंपन्यांना जोडले गेले. मौलूदियाच्या नावात पेट्रोल घुसलं, अल्जीअर्सच्या दुसऱ्या एका क्लबात वीज. जेएसकेच्या वाट्याला इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी आली, आणि नाव झालं ज्योनेस इलेक्त्रोनिक द तिझी ऊझू. म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक तरुण'. यावेळी आद्याक्षरंसुद्धा गेली.

आणि गंमत अशी की क्लबचा सगळ्यात झगझगीत काळ याच उसन्या नावाखाली गेला. माझ्या तक्त्यात १९८०, १९८२, १९८३, १९८५, १९८६, १९८९ असे ठिपकेच ठिपके आहेत. मधलं १९८४ मास्कारा गावच्या क्लबने नेलं. दाने ते ज्या चेहऱ्याने सांगितलं, त्यावरून ते वर्ष अजून मिटलेलं नाही. या सगळ्यामागे दोन माणसं: महिएद्दीन खालेफ आणि पोलंडहून आलेला स्टेफान झिवोत्को. झिवोत्को १९७७ मध्ये आला आणि चौदा वर्षं राहिला. कुठल्याही क्लबात परदेशी प्रशिक्षक दोन हंगाम टिकला तरी खूप, इथे चौदा वर्षं. १९२० साली जन्मलेला हा माणूस २०२२ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेला. खालेफने मधल्या काळात देशाचा संघही सांभाळला. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं, तेव्हा बाकावर खालेफ होता आणि मैदानात कर्णधार अली फेर्गानी, दोघेही तिझी ऊझूच्या क्लबचे.

आफ्रिकेचं पहिलं विजेतेपद १९८१ चं. झाईरच्या व्हिटा क्लबला घरी ४-० आणि किन्शासात जाऊन १-०. दुसरं १९९० चं, झांबियाच्या न्काना संघाविरुद्ध. अल्जीअर्समध्ये १-० जिंकले, लुसाकात १-० हरले, मग पेनल्टी शूटआउट ५-३. तोवर 'काबिली' नावात परत आलं होतं. "१९८१ मध्ये कप आला तो दुसऱ्याच्या नावाने," दा म्हणाला, "नव्वदचा आमच्या." मित्राने हे वाक्य मात्र पूर्ण भाषांतरित केलं.

१९८० च्या ओळीपाशी दा थांबला. मार्च १९८० मध्ये इथल्या विद्यापीठात जुन्या काबिल कवितेवर एक व्याख्यान होणार होतं, ते सरकारने रद्द केलं. त्यावरून संप, मोर्चे, आणि २० एप्रिलला पहाटे विद्यापीठात पोलीस घुसले. इथे त्याला अमाझिघ वसंत म्हणतात. क्लब त्याच हंगामात अजिंक्य ठरला. तसंच २००१ चं. एप्रिलमध्ये जवळच्याच एका गावात पोलीसठाण्यात एका तरुणाला गोळी लागली, पुढे महिनोन् महिने दंगली झाल्या, शंभराहून जास्त माणसं मेली. आणि त्या वर्षाअखेरीस क्लबने सीएएफ चषक, म्हणजे आफ्रिकन फुटबॉल महासंघाचा चषक जिंकला. २०००, २००१, २००२ असा सलग तीनदा. पहिले दोन्ही परक्या मैदानावर केलेल्या गोलांच्या हिशेबाने, अगदी केसाच्या अंतराने. माझ्या तक्त्यात तिथे फक्त 'विजेते' लिहिलं होतं.

मित्राला १९७६ विचारायचा मोह आवरला नाही. तो त्याचा जन्म, आणि मौलूदियाने लीग, चषक आणि आफ्रिका तिन्ही जिंकलेलं साल. दाने कपबश्या उचलल्या आणि आत निघून गेला. परत येताना तिघांना कॉफी आणि तिघांना सफेंज, म्हणजे तळलेली गोल भजी. पैसे घेतले नाहीत. त्याचाही अर्थ मौलूदियाला हिणवणं असाच असावा.

मग मी सहज विचारलं, माझा भाचा २०१४ चा आहे, त्याला काय मिळालं?

दा काही बोलला नाही. भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट केलं. अल्बेर एबोसे, कॅमेरूनचा, चोवीस वर्षांचा. आदल्या हंगामात १७ गोल करून लीगमध्ये पहिला. २३ ऑगस्ट २०१४ ला इथेच, एक नोव्हेंबर स्टेडियमवर घरचा सामना होता. जेएसके २-१ ने हरली, तो एक गोलही एबोसेचाच. सामना संपल्यावर खेळाडू आत जात असताना गॅलरीतून वस्तू भिरकावल्या गेल्या आणि थोड्याच वेळात तो गेल्याची बातमी आली. डोक्याला काहीतरी लागलं, असं सरकारी निष्कर्षात होतं. कुटुंबाने ते मानलं नाही. त्यांनी कॅमेरूनमध्ये पुन्हा तपासणी करून मारहाणीचा आरोप केला. देशातली लीग थांबली, मैदान बंद झालं, आफ्रिकन स्पर्धांतून क्लबला बाहेर काढलं. "आमच्या लोकांनी," दा म्हणाला. कुणी बाहेरचा होता, असं सांगायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

आम्ही नंतर त्या मैदानाबाहेर गेलो. एक नोव्हेंबर १९५४ हा स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्याचा दिवस, त्याचं नाव. सामना नव्हता, दार बंद. भिंतीवर पिवळा-हिरवा रंग पोपडे धरून होता आणि मागे जुर्जुराच्या डोंगरावर थोडं बर्फ शिल्लक होतं.

नवं स्टेडियम गावात शिरायच्या आधी, बूखालफाला आहे. २०२४ मध्ये उघडलेलं, पन्नास हजारांचं, अंगावर येईल इतकं मोठं. नाव होसिन आइत अहमद यांचं, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाचे पुढारी आणि १९६३ मध्ये नव्या सरकारविरुद्ध बंड पुकारणारे काबिल नेते. सरकारने बांधलेल्या मैदानाला सरकारविरुद्ध उभा राहिलेल्या माणसाचं नाव, यावर दाचं मत विचारलं, तर म्हणाला, छप्पर चांगलं आहे.

२००८ नंतर लीगचा ठिपका नाही. २०११ मध्ये चषक, २०२१ मध्ये बेनिनमधल्या कोतोनूला मोरोक्कोच्या 'राजा कासाब्लांका' क्लबकडून आफ्रिकेच्या कॉन्फेडरेशन चषकाचा अंतिम सामना २-१ ने गमावलेला. २०२२-२३ चा हंगाम तर वेडा. तिकडे आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी आणि इकडे घरच्या लीगमध्ये खाली उतरायची भीती. मोहंद शरीफ हन्नाशी या जुन्या खेळाडूने १९९३ ते २०१७ अध्यक्षपद सांभाळलं. प्रशिक्षक बदलण्याचा त्यांचा सपाटा मोठा होता. माझ्या मते झिवोत्कोच्या चौदा वर्षांतून काही शिकायचं होतं तर ते हेच, पण दासमोर मी हे बोललो नाही. हन्नाशींचा फोटो गल्ल्याच्या वरच होता.

निघताना दाने तक्ता परत मागितला आणि पेनने उजवीकडे एक रकाना आखून दिला: नाव. मी गाडीत तो भरला. जेएसके, मग जेएसके पण अरबीतून, मग इलेक्ट्रॉनिक, मग पुन्हा जेएसके. द्रा बेन खेद्दा येईपर्यंत मित्र माझ्या खांद्यावरून वाचत होता.

मी परत आल्यावर जूनमध्ये त्याचा निरोप आला. २०२४-२५, मौलूदिया अजिंक्य, जेएसके दुसरी. खाली लिहिलं होतं, पुढच्या वेळी त्या दुकानात तू एकटा जा.