चिठ्ठी खिशात गेली

१६ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय सहिष्णुता दिवस असतो, आणि बहुतेक शाळांना तो १५ तारखेला संध्याकाळी आठवतो. मग स्टाफच्या ग्रुपवर मेसेज, कुणीतरी नेटवरून पीपीटी उतरवतं, त्यात हातात हात घातलेली रंगीबेरंगी मुलं, खाली सुविचार, फोटो काढा, अपलोड करा, झाला साजरा.

या विषयावरचं नेटवरचं मटेरियल मी बरीच वर्षं जमवतेय, आणि खरं सांगायचं तर चांगलं आणि फुकट असं भरपूर आहे. डॉलर स्ट्रीट ही साइट बघा, जगभरातल्या घरांचे फोटो, पण देशाप्रमाणे नाही, महिन्याच्या कमाईप्रमाणे लावलेले. दोन लांबलांबच्या देशांतली सारख्याच कमाईची घरं शेजारी ठेवली की चुली, बिछाने, टूथब्रश इतके सारखे दिसतात की मुलं गप्पच होतात. माझी अडचण वेगळीच आहे. हजारो किलोमीटरवरच्या माणसाबद्दल मुलं एका तासात हळवी होतात, आणि सुट्टीची बेल झाली की शेजारच्या बाकावरच्याची नक्कल सुरू.

यावेळी आमच्या एका तरुण सरांना डोळ्यांच्या रंगावाला प्रयोग करायचा होता, म्हणजे जेन इलियट बाईंनी १९६८ साली मार्टिन ल्युथर किंगच्या हत्येनंतर अमेरिकेतल्या आयोवात तिसरीच्या मुलांवर केला तो. डोळ्यांच्या रंगावरून एक गट वरचा, एक खालचा, दुसऱ्या दिवशी उलट. सरांनी पाच मिनिटांची क्लिप बघितली होती. त्या प्रयोगावर आजपर्यंत किती वाद झालेत, नंतर मुलांशी किती बोलावं लागतं, ते क्लिपमध्ये कसं येणार? मी ठाम नाही म्हटलं. सरांचा चेहरा पडला, पडू दे.

मी जिगसॉ घेतला. ही पद्धत इलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला काढली. तिथे गोऱ्या, काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि मारामाऱ्या चालल्या होत्या. पाच-सहा जणांचा गट, धड्याचे तेवढेच तुकडे, प्रत्येकाकडे एकच. आधी सगळ्या गटांतली सारख्या तुकड्याची मुलं एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात, शेवटी परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची. प्रेमाने वागा वगैरे काही सांगायचं नाही. समोरच्याचं ऐकलं नाही तर तुझेच मार्क जातात, बस. सगळी कृती नेटवर पायरी पायरीने फुकट आहे.

पण तुकडे पाडणं हे खरं काम, आणि ते कुठलीही साइट करून देत नाही. रेडिमेड वर्कशीटमधला प्रत्येक तुकडा एकटा वाचला तरी सगळा धडा कळतो, मग दुसऱ्याचं कोण कशाला ऐकेल! म्हणून चिठ्ठ्या मी स्वतः लिहिते, एक उत्तर दोन चिठ्ठ्यांत सापडता कामा नये. विषय होता संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा, १० डिसेंबर १९४८. महायुद्धानंतरची परिस्थिती एकाकडे, एलिनॉर रूझवेल्ट आणि हंसा मेहता असलेला, तो तयार करणारा आयोग दुसऱ्याकडे, त्यावर देशांनी केलेलं मतदान तिसऱ्याकडे, तीस कलमं चौथ्याकडे, पुढे १९६६ चे करार पाचव्याकडे.

मतदानाची चिठ्ठी आली वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाकडे. त्याच गटात एक अत्यंत हुशार मुलगी, त्याची सगळ्यात हुबेहूब नक्कल करणारी. मुद्दामच ठेवली होती. तयारीच्या गटात तो इतका छान बोलला की मी लांबून ऐकत उभी राहिले, अडकत होता पण थांबत नव्हता. दक्षिण आफ्रिका तटस्थ राहिली कारण तिथे त्याच वर्षी वर्णभेदवाले सत्तेवर आले होते, सौदी अरेबियाला लग्नाचं आणि धर्म बदलण्याचं कलम खटकलं, सोव्हिएत रशिया आणि त्याच्या बाजूचे देशही मतदानात बाजूला राहिले, असे एकूण आठ देश तटस्थ, सगळं पाठ.

मग तो स्वतःच्या गटात गेला आणि पहिल्याच शब्दावर अडकला. ती मुलगी थांबली असेल दहा सेकंद. प्रत्येक गटात एक टॅबलेट हवाच हा वरून आलेला नियम, कारण तास 'डिजिटल' दिसला पाहिजे, मी आधीच नको म्हटलं होतं. तिने सर्च केलं आणि म्हणाली, "४८ बाजूने, विरोधात शून्य. म्हणजे सगळे तयार होते. झालं, तू नको सांगूस, पुढचा कोण?"

तो म्हणाला, "प... पण आठ..." आणि थांबला. चिठ्ठीची घडी घातली, खिशात टाकली. मी जाऊन म्हटलं, अरे पूर्ण सांग ना, आम्ही थांबतो. तर एकदाही न अडखळता म्हणाला, "त्यांना नेटवर मिळालंय ना, मॅडम."

परीक्षेत प्रश्न होता, कोण तटस्थ राहिलं आणि का. त्या गटात फक्त त्याला पूर्ण मार्क. बाकीच्या चौघांनी लिहिलं, कोणीच नाही.

स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, सहिष्णुतेच्या दिवशी त्यानेच सहिष्णुता दाखवली नाही, मन मोठं करायला हवं होतं. मला हे ऐकून इतका राग आला! दरवेळी मन मोठं करायचं ते ज्याची टिंगल होते त्यानेच का? युनेस्कोच्या १९९५ च्या घोषणापत्रात पहिल्याच कलमात म्हटलंय की सहिष्णुता म्हणजे सवलत किंवा उपकार नव्हे, पण ते पीपीटीत कोण टाकणार.

मला छळतंय ते दुसरंच. ही पद्धत निघाली तेव्हा माहिती खरंच एकाच मुलाच्या हातात असायची, त्याच्याकडे वळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता त्याला डावलून दहा सेकंदांत उत्तर मिळतं, अर्धवट का होईना, आणि ते अर्धवट आहे हे परीक्षेपर्यंत कळतही नाही. शिवाय पद्धतीने हेही धरून चाललंय की डावललेल्या मुलाला शिकवायचंच असतं. याला नाही शिकवायचं. आणि त्याला भाग पाडायचा हक्क मला आहे का, हे मला ठरवता येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी गटातले दोघं माझ्याकडे चिठ्ठीची कॉपी मागायला आले. म्हटलं, माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. एकाला त्याने सांगितलं, पंधरा मिनिटं लागली म्हणे. दुसऱ्याला नाही म्हणाला, का ते मी विचारलं नाही. ती मुलगी अजून गेलेली नाही, तिने मार्क गेल्याची तक्रार मात्र केली.

अॅरनसनच्या म्हणण्याप्रमाणे एकदा घेऊन काही होत नाही, आठवडेच्या आठवडे करत राहावं लागतं. पुढच्या तासाला टॅबलेट कपाटात राहणार, हे मी वर कळवून टाकलंय, अजून उत्तर नाही. चिठ्ठ्याही लिहून तयार आहेत. फक्त गटांच्या यादीत त्या दोघांची नावं एकत्र ठेवायची की वेगळी, ती जागा अजून कोरीच आहे.