टेम्प्सफर्डचा गुप्त विमानतळ: नूरसाठी जाऊ नका, कोठारासाठी जा

‘नूर इनायत खान इथूनच फ्रान्सला उडाली’ असं इंग्लंडमधल्या टेम्प्सफर्ड या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाबद्दल जिथे तिथे वाचायला मिळतं. साफ चूक. टिपू सुलतानाच्या वंशातली ही ब्रिटिशांची हेर आणि वायरलेस ऑपरेटर जून १९४३ मध्ये लायसँडर या छोट्या विमानातून गेली, ती दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमिअरहून. विमान टेम्प्सफर्डच्या १६१ स्क्वाड्रनचं (हवाई दलाच्या तुकडीचं), एवढाच धागा. लायसँडरचा पल्ला कमी, म्हणून पौर्णिमेच्या आसपास ती विमानं टँगमिअरला नेऊन ठेवत आणि तिथून निघत. नूरसाठीच वाट वाकडी करणार असाल, तर टँगमिअरलाच जा.

टेम्प्सफर्डचं मोल वेगळं आहे. १९४२ पासून १३८ आणि १६१ या दोन स्क्वाड्रन्स इथून रात्री उडत आणि नाझींच्या ताब्यातल्या युरोपात हेर नि शस्त्रं पॅराशूटने उतरवत. नॉर्वेतला वेमॉर्कचा जड पाण्याचा (नाझींच्या अणुसंशोधनाला लागणाऱ्या) प्रकल्प स्फोटाने उडवणारी तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्ये इथूनच गेली.

आता रस्ता. लंडनहून सँडी स्टेशनला थेट गाडी आहे. तिथून टॅक्सी करू नका! माझ्याकडून ‘विमानतळापर्यंत’ म्हणून पैसे घेतले, वर परतीचं भाडंही लावलं आणि सोडलं रेल्वे फाटकापाशी. पुढे फुटपाथ नसलेल्या अरुंद रस्त्यावरून, अंगावर येणाऱ्या गाड्या चुकवत चालणं. त्यापेक्षा सँडीहून ग्रीनसँड रिज वॉकची पाटी धरून एव्हर्टन गावापर्यंत पायी जा. साधारण ५ किलोमीटर, वाट सोपी.

खरी परीक्षा एव्हर्टनच्या उताराखाली. टेकडी वाळूची, पाणी लगेच जिरतं. खालचं, जिथे विमानतळ होता ते सगळं शिवार चिकणमातीचं. पावसात सोलापूरकडच्या काळ्या रानातून चाललेल्यांना कल्पना येईल: दर पावलाला बूट जड होतो आणि काठीने खरवडल्याशिवाय माती सुटत नाही. मी फेब्रुवारीत गेलो, पोटऱ्या अजून ठणकताहेत. चांगले बूट असले तरी आठवडाभर पाऊस नसेल तेव्हाच जा. शेत खाजगी आहे, सार्वजनिक पायवाट सोडू नका. धावपट्टी शोधत फिरू नका, ती बहुतेक उखडली आहे. उरलेल्या काँक्रीटवरून ट्रॅक्टर जातात.

आणि मग ते कोठार. जिब्राल्टर फार्मचं. बाहेरून फळ्या मारलेलं, वरून पाहणाऱ्या शत्रूला साधी शेतातली खोपी वाटावी असं. विमानात बसण्याआधी हेरांना इथे सामान मिळे: पिस्तूल, खोटे कागद, हवी असल्यास सायनाइडची गोळी. त्यांचे खिसे तपासत. लंडनच्या बसचं एक तिकीट राहिलं तरी पलीकडे जीव जाऊ शकत होता. आत भिंतींवर पाट्या आणि पुष्पचक्रं आहेत, बाहेर हेरांच्या नावाने लावलेली झाडं. बोचऱ्या वाऱ्यात मी तिथे तासभर होतो आणि निघवत नव्हतं. इंग्लंडमधली पाच संग्रहालयं सोडा, हे बघा.

टेम्प्सफर्ड गावात महिला हेरांचं स्मारक आहे, डिसेंबर २०१३ मध्ये उभारलेलं. नूरचं नाव तिथे आहे, ते बरोबरच आहे. पण कोठार आणि स्मारक पायी एकाच दिवशी करू नका. मध्ये तोच फाटकाचा रस्ता लागतो. गाडी असेल तर आधी स्मारक उरका आणि उजेड असेतो कोठारापाशी पोचा.