गरीला गुंतलेला निळा धागा

दुपारी माळ्यावरचा खोका काढला, गळाचं जुनं रील सापडतंय का बघायला, तर एका गंजक्या गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, निळ्या नायलॉनचा धागा गुंतलेला दिसला. बोटभर असेल. झालं, दुपार गेली.

गरी मामाची. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. मामा खडकावर गळ टाकून बसला की त्याला माणूस नको असायचा, बोट तर नकोच नको, आणि नेमकं त्याच खडकासमोर रात्रीतून कुणीतरी लॉबस्टरचे पिंजरे सोडून गेलेलं असायचं. पाण्यावर बोये डुलतायत, म्हणजे पिंजऱ्याच्या दोरीला खुणेसाठी बांधलेले तरंगते गोळे. दोघांनाही तीच जागा हवी, कारण लॉबस्टर दिवसभर खडकाच्या कपारीत दडून बसतो नि अंधार पडला की बाहेर पडतो, आणि मामाला हवे ते मासेही त्याच खडकांच्या आडोशाला चरणारे. ओहोटीला तर जास्तच वैताग, पाणी उतरलं की बोयाची दोरी सैल होऊन लांबच लांब पसरते. गळ फेकला की अडकलाच. शिसं गेलं, गरी गेली, मामा सुरू.

त्या दिवशी बोटवाला समोरच होता.

"ओ, दोरी ओढू नका, पिंजरा सरकतोय खाली!"

"मग समुद्रात टाका की पिंजरा, एवढा पडलाय!"

"हा काय समुद्र नाय?"

मला हसू आलं. मामाने असं बघितलं की पुढचा तासभर मी शिंपले मोजले.

मी पण गळवालाच, तरी सांगतो, आम्ही लोक खडक सातबाऱ्यावर असल्यासारखे वागतो. समोरच्याचं पोट असतं हो त्या पिंजऱ्यावर. अर्थात त्यानेही चार वाव पलीकडे टाकला असता तर काय बिघडलं असतं म्हणा.

कपारीवरून लॉबस्टरही भांडतात. तोंडाजवळून एकमेकांवर मूत्र उडवतात, खरंच, आणि हरलेला त्या वासावरून जिंकणाऱ्याला ओळखून पुढचे काही दिवस त्याच्या वाटेला जात नाही. माणसांत ही सोय नाही. आणि अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या किनाऱ्यावर पिंजऱ्याला कॅमेरा लावून बघितलं होतं, अभ्यास २००१ साली छापून आला, तर आत शिरलेल्यांपैकी ९४ टक्के लॉबस्टर परत बाहेर! म्हणजे वर आपण गळे धरतोय आणि खाली हे आरामात आमिष खाऊन घरी चाललेत.

राहिले सहा टक्के. पिंजरा कुणी वर काढलाच नाही तर ते आतच मरतात, मग तेच आमिष होतात, त्या वासाने पुढचा येतो. नायलॉन काही लवकर कुजत नाही.

बोट गेल्यावर मामाने अडकलेली दोरी रॉडने हळूहळू खडकापर्यंत ओढून घेतली आणि खिशातला चाकू काढला. बोया तरंगत लांब गेला. "घरी बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

मघाशी त्याला फोन केला, सहज म्हणून. गरीचं सांगितलं, धाग्याचं सांगितलं.

"कुठला पिंजरा रे?" मग बराच वेळ काही नाही, मला वाटलं फोन कट झाला.

"पांढरा बोया होता तो," म्हणाला, "वर लाल पट्टा."