पावतीबुकाचा हात

आमच्या ऑफिसात अजून पावतीबुक चालतं. मधे कार्बन घालून तीन प्रती काढायच्या. वरची पांढरी गिऱ्हाइकाला, मधली गुलाबी हिशेबाला, खालची पिवळी बुकातच राहते. पिवळ्या प्रतीवर आकडा उमटला नाही तर महिनाअखेरीला डोक्याला ताप, म्हणून गेली २२ वर्षं मी बॉलपेन दाबून दाबून लिहिते. माझ्या डायरीचं पान उलटवून मागून बोट फिरवलंत तर अक्षरं हाताला लागतील. हा काही अवगुण आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. लेकीच्या पेन टॅबलेटवर पहिली रेघ ओढली त्या दिवशी ते कळलं.

जुलैतला रविवार होता. म्हापशाला सकाळपासून पाऊस लागला होता आणि वीज मात्र चक्क होती. लेक आठवीत आहे. तिला जपानी ढंगाची चित्रं काढायचा नाद आहे: चेहऱ्याचा एक तृतीयांश भाग व्यापणारे डोळे, टोकदार हनुवटी, वारा नसतानाही उडणारे केस. तिचा टॅबलेट म्हणजे शाळेच्या पाटीएवढी काळी पट्टी. पेन त्या पट्टीवर फिरवायचं आणि चित्र उमटतं समोरच्या लॅपटॉपवर. हात खाली, नजर वर. पोळ्या लाटता लाटता मालिका बघणाऱ्या बाईला हे सहज जमेल असं मला वाटलं होतं. मी केसांची एक बट काढली.

"आई, ही बट नाही. हा नळाचा पाइप आहे."

तिचं बरोबर होतं. रेघ सुरू झाली तिथपासून संपली तिथपर्यंत एकाच जाडीची. दोन्ही टोकं बोथट, बोंडासारखी.

मग तिने मला शिकवायला घेतलं. या पेनाला दाब कळतो. तिच्या टॅबलेटच्या खोक्यावर दाबाच्या ८१९२ पायऱ्या लिहिल्यात. हलकं टेकवलं तर केसासारखी बारीक रेघ, जोर दिला तर जाड. माझा हात पहिल्या फटक्यात सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसत होता, मग खालच्या आठ हजार असून काय उपयोग? तिने सेटिंगमधून एक चौकोनी आलेख उघडला, त्यातली तिरकी रेघ मधेच पकडली आणि खाली ओढून तिला झोळ दिला. "आता तू दाबलंस तरी तो म्हणेल, हिने थोडंसंच दाबलंय." एका झोळात माझी २२ वर्षं वजा.

जाड-बारीक कुठे, याचे तिचे नियम ठाम आहेत. चेहऱ्याची बाहेरची कड जाड, आतलं नाक-ओठ बारीक. उजेड येतो त्या बाजूची रेघ इतकी बारीक की मधेच तुटली तरी चालते. हनुवटीखाली, कपाळावरच्या बटांच्या खाली, कॉलर मानेला टेकते तिथे, म्हणजे जिथे सावली असेल तिथे, जाड. वरची पापणी भरीव, खालची नुसती सुचवलेली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: दोन रेघा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात इवलासा काळा त्रिकोण भरायचा, शाई साचल्यासारखा. कागदावर खऱ्या निबेने काढताना तिथे शाई आपसूक साचते. लॅपटॉपमध्ये शाईच नाही, तर साचणार कुठून? ती हाताने साचवायची.

ही सगळी त्या निबेचीच पुण्याई. जपानी चित्रकथा काढणारे जी-पेन नावाची निब वापरत आले. तिचं टोक मधोमध चिरलेलं असतं. जोर दिला की दोन पाकळ्या फाकतात आणि शाई रुंद उतरते, जोर काढला की मिटतात. आमच्या आजोबांचा बोरू जाड-बारीक लिहायचा तो मात्र दाबाने नव्हे. त्याची चोच तिरकी कापलेली, म्हणून एका दिशेला रुंद आणि दुसऱ्या दिशेला बारीक. बोरूवर जोर दिला तर चोच मोडायची आणि वर रट्टा बसायचा. मला त्या वेळी जी-पेन मिळायला हवी होती.

"पण टीव्हीवरच्या तुझ्या कार्टूनमध्ये कुठे असतं असं?" मी तिचा एपिसोड मधेच थांबवून विचारलं. पडद्यावरची पोरगी जवळपास एकाच जाडीच्या रेघेत काढलेली होती. लेकीने सुस्कारा सोडला. एक तर अ‍ॅनिमेला कार्टून म्हणायचं नसतं. दुसरं, तिथे एकच दृश्य अनेक हातांतून जातं. एकाने मुख्य चित्रं काढायची, मधली दुसऱ्यांनी भरायची. प्रत्येकाची रेघ वेगळी फुगली तर हलत्या चित्रात ती नुसती थरथरत राहील. जाड-बारकाचा थाट आहे तो मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, छापलेल्या काळ्या-पांढऱ्या पानाचा. तिथे रंग मदतीला नाही, त्यामुळे सावली, वजन, जवळ-लांब हे सगळं रेघेनेच सांगायचं. म्हणजे जिला सगळे अ‍ॅनिमेची रेघ म्हणतात ती मुळात अ‍ॅनिमेची नव्हेच. मला हे फार बरं वाटलं, का कोण जाणे.

मात्र एकसारखी रेघ मेलेली असते, हे तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं नाही. गोंयकाराच्या पोरीने आमच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या देखत असं बोलावं? लोटलीच्या त्या घरातल्या माणसाने बहुतेक एकाच बारीक रेघेत अख्खा बाजार भरवला: मासेवाल्या, पाद्री, कुत्री, कौलं, खिडक्यांची जाळी. तिथे रेघ फुगत नाही, दाटते. सावली हवी तर रेघेशेजारी रेघ, तिच्यावर आडवी रेघ. लेक म्हणाली, "त्यांना चालतं." हे तिने हार मानून म्हटलं की नाही ते कळलं नाही.

माझी गाडी अडली ती टोकावर. जपान्यांकडे त्याला शब्दच आहे, इरी-नुकी. इरी म्हणजे रेघेचं आत येणं, नुकी म्हणजे निसटून जाणं. आत येणं दोन दिवसांत जमलं. निसटणं जमेना. रेघ शेवटाला आली की मी थांबायची आणि मग पेन उचलायची, की उमटलाच तिथे ठिपका. लेक म्हणायची, "थांबू नको ना!" पण पावतीवर रक्कम लिहिली की शेवटी दांडी मारून ती बंद करायची असते, नाहीतर कुणी पुढे शून्य वाढवेल. माझ्या हाताला थांबायचीच शिकवण.

यावर उपाय म्हणून तिने सेटिंगमधला स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर काढून रेघ सरळ करणारा, वाढवून दिला. मग रेघ पेनाच्या मागून दावं लावलेल्या वासरासारखी येऊ लागली, गुळगुळीत आणि निर्जीव. मी तो पुन्हा कमी केला.

तेव्हा आठवली डिचोलीची मामाची चित्रशाळा. चवथीच्या आधीचे दिवस. मूर्ती रंगवून झालेल्या, फक्त डोळ्यांची आखणी राहिलेली. आखणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. मामा डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवायचा आणि कुंचला नाकाच्या बाजूने आत आणायचा. बाहुलीच्या वर पापणी भरायची, आणि कानाकडे जाता जाता ती इतकी बारीक व्हायची की संपली कुठे ते दिसायचं नाही. मी एकदा पापणीऐवजी त्याचा हातच बघत बसले होते. कुंचला मूर्तीवरून सुटला तरी हात हवेत वीतभर पुढे गेला. मग तो उठून उंबऱ्यापर्यंत यायचा, मला बाजूला सरकवून तिथून डोळे बघायचा. मखरातला गणपती लोक बघणार ते तेवढ्याच अंतरावरून.

हे आठवण्याआधी मी चित्र चौपट मोठं करून एकाच पापणीवर तासभर घालवला होता. मूळ आकारात आणलं तर सगळं जाड-बारीक गायब, डोळ्याच्या जागी डांबराचा थेंब. आता दर दोन रेघांनंतर चित्र लहान करून बघते. आणि शेवट आला की पेन पट्टीवरून सुटतं तरी हात जाऊ देते. एकदा तो जाऊन थेट सोलकढीच्या वाटीला लागला, पण त्या बटेचं टोक असं उतरलं होतं की लेकीने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग टेबलक्लॉथकडे.

महिनाभर रोज रात्री अर्धा तास. केस जमू लागलेत, हात अजून जमत नाहीत, म्हणून माझ्या सगळ्या पोरी हात पाठीमागे बांधून उभ्या असतात.

परवा सोमवारी ऑफिसात एक पावती फाडली. गिऱ्हाईक पैसे देऊन, पांढरी प्रत घेऊन खाली उतरलं. मी बुक मिटता मिटता पिवळ्या प्रतीकडे पाहिलं. नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही. कोपऱ्यात तेवढी एक केसासारखी रेघ, निसटत निसटत कागदाबाहेर गेलेली. छत्रीसुद्धा न घेता मी जिना उतरले. तो स्कूटरला किक मारत होता.