तुम्ही विचारलंत म्हणून: रिसर्च सेंटरला जागा किती, माणसं किती?

रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च सेंटर, म्हणजे सहभागींवर औषधांचे अभ्यास करणारं केंद्र, काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो. उत्तराची सुरुवात खोल्यांपासून करू नका. आधी वर्षभरातल्या व्हिजिट, म्हणजे सहभागींच्या तपासणीच्या फेऱ्या, मोजा.

समजा, एका अभ्यासात २० सहभागी आहेत आणि प्रत्येकाच्या १२ व्हिजिट. झाल्या २४०. एकेका व्हिजिटचे दोन तास सहभागीसोबत जातात. नोंदी भरणं, मॉनिटरच्या (स्पॉन्सरतर्फे, म्हणजे अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीतर्फे, नोंदी तपासणाऱ्या माणसाच्या) शंका मिटवणं, पुढच्या तारखेसाठी फोन करणं यात आणखी दोन धरा. ९६० तास, म्हणजे अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणाऱ्या एका कोऑर्डिनेटरचं जवळपास अर्धं वर्ष. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे निवडीच्या तपासणीत, गळालेले यात धरलेलेच नाहीत, वेळ मात्र त्यांनाही द्यावा लागतो. म्हणून ‘एका कोऑर्डिनेटरमागे तीन अभ्यास’ हा हिशेब मला पटत नाही. तीन-तीन महिन्यांनी प्रश्नावली भरून घेणारा अभ्यास आणि दर तासाला रक्त काढणारा अभ्यास एका मापाने कसे मोजणार?

फार्मासिस्टचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि अडतं तिथेच. ब्लाइंडेड अभ्यासात, म्हणजे कुणाला कोणतं औषध मिळतंय हे सहभागीला आणि तपासणाऱ्याला कळू न देणाऱ्या अभ्यासात, इंजेक्शन तयार करणाऱ्याला खरं औषध कोणतं ते माहीत असतं, त्यामुळे सहभागीला तपासणं किंवा परिणामांची नोंद करणं त्याच्याकडे देता येत नाही. तो रजेवर गेला तर कोऑर्डिनेटरला ‘आजच्यापुरतं’ बसवायचं नाही. ब्लाइंडिंग तिथेच संपतं. अशी दोन माणसं पहिल्या दिवसापासून प्रशिक्षित हवीत.

रात्रपाळीचंही तसंच. औषध दिल्यानंतरचा बारा तासांचा नमुना रात्री नऊला येत असेल, तर तो काढणाऱ्या नर्सला प्रोटोकॉल (अभ्यासाची लेखी कार्यपद्धती) समजावलेला हवा, तिचं नाव कामवाटपाच्या नोंदीत हवं आणि खोलीतलं घड्याळ प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळलेलं हवं. नळीवर ठरलेली वेळ नव्हे, प्रत्यक्ष काढल्याची वेळ लिहायची.

आता यंत्रं. सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे नळ्या गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, नुसता ‘३००० आरपीएम’ (मिनिटाला फेरे) असा कागद चिकटवलेला दिसला की काळजी वाटते. रोटरची (नळ्या धरून फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर त्या वेगाला साधारण १००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर, मिळतो. १६ असेल तर १६००. प्रोटोकॉल जी मागतो, तेव्हा आपल्या रोटरचा आकडा काढून तोच लिहा. सीरमची नळी सहसा अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यावं लागतं. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, खळखळायची नाही. तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं.

औषधाचा फ्रिज २ ते ८ अंशांचा, फक्त औषधासाठी, कुलूपबंद. घरगुती फ्रिज नको. त्यात मागच्या भिंतीला टेकलेला खोका गोठू शकतो, आणि बऱ्याच लशी व प्रथिनांची औषधं एकदा गोठली की कामातून जातात. तापमान हद्दीबाहेर गेलं तर औषध टाकायचंही नाही आणि वापरायचंही नाही: वेगळं काढायचं, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावायची, लॉगरचा (तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) आलेख स्पॉन्सरला पाठवायचा आणि निर्णयाची वाट बघायची.

नमुने साठवायला उणे ८० अंशांचा फ्रीझर घेताना त्याच्यासाठी जनरेटरवरची स्वतंत्र वीजजोडणी, वातानुकूलित खोली आणि दुसरा, थंड करून रिकामा ठेवलेला फ्रीझर हे तिन्ही एकाच खरेदीत मागा. बहुतेक ठिकाणी तिसरी गोष्ट नंतर बघू म्हणून राहते. अलार्म खोलीत वाजून उपयोग नाही. शनिवारी रात्री तो कुणाच्या फोनवर जाणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बंद, कोंदट खोलीत साठवू नका. त्याचा वायू खाली साचतो आणि माणूस गुदमरतो.

जागेचं म्हणाल तर संमतीसाठी दार लागणारी एक खोली हवीच. पडद्याआड कुणी मोकळेपणाने प्रश्न विचारत नाही. उपचारखोलीजवळ क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची सामग्री ठेवलेली गाडी), मॉनिटरला बसायला टेबल, कागदपत्रांना कोरडी, कुलपाची जागा. एवढ्यात छोटं केंद्र चालतं.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या भिंतींबाहेरची आहे. सहभागी त्याच रुग्णालयात दुसऱ्या वॉर्डात दाखल होतो आणि केंद्राला चार दिवसांनी कळतं. असं दाखल होणं ही गंभीर घटना धरली जाते, आणि ती कळल्यापासून बहुतेक प्रोटोकॉलमध्ये स्पॉन्सरला २४ तासांत कळवायची असते. त्यासाठी रुग्णाच्या मुख्य केस पेपरवर, अगदी वरच्या पानावर, अभ्यासाचं नाव आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर आधीच असायला हवा.